दुसरी तार

कॉलेज सुटून घरी आले तेव्हा आये मागच्या पडवीत मांडीवर सूप घेऊन बसली होती आणि स्वयंपाकघराच्या उघड्या दाराकडे टक लावून बघत होती.

"थयच रव," ती म्हणाली. "आत कावळो आसा."

आये म्हणजे माझी सासू. वेंगुर्ल्यात तिला सगळेच आये म्हणायचे, मीही म्हणू लागले होते.

"आत कसा गेला?"

"दार उघडा रवलेला. बांगड्याच्या वासान इलो नि वाऱ्यान दार आपाटला. आता मी उघडून ठेवलंय, तरी भायर येयत नाय मेलो. वरच्या वर आपटता."

मी दारातून डोकावले. साधा घरकावळा नव्हता, डोमकावळा होता. आखूड मानेचा, जाड चोचीचा, सगळाच काळा. त्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. छपरात एक काचेचं कौल बसवलेलं होतं, तेवढाच उजेड. कावळा भांड्यांच्या फळीवरून उडायचा, काचेवर धडकायचा, खाली पडल्यासारखा यायचा आणि चोच उघडी टाकून धापा टाकत बसायचा. मग पुन्हा तेच. बाहेर माडावर बाकीचे कावळे जमून ओरडत होते.

"त्याला दार दिसत नाहीये," मी म्हटलं. "पडवीत सावली आहे, म्हणून दाराकडे अंधार वाटतो. वरून ऊन येतंय. तो उजेडाकडे जाणार. कौल झाकलं की दाराशीच काय तो उजेड उरेल, मग बरोबर बाहेर येईल."

"तुझा शिक्षाण तुझ्याकडेच ठेव. विश्राम येयसर आत जाव नको."

मी रसायनशास्त्र शिकवत होते. पक्ष्यांचं मला फारसं कळत नव्हतं, पण एवढं कळायला पक्ष्यांचं कळावं लागत नाही. मी काठीच्या टोकाला पोतं अडकवलं, स्टूल आत नेलं, त्यावर उभी राहिले आणि पोतं काचेवर धरलं. खोली एकदम काळोखी झाली. कावळा गप्प झाला. मग पंखांचा वारा लागला आणि माझ्या डोक्यावर वजन आलं. नखं केसांतून थेट कातडीला टेकली. तो तिथे घट्ट बसला, जितका वेळ फांदीवर बसावा तितका. मग त्याला दार दिसलं आणि तो गेला.

मी काठी खाली ठेवली आणि हसत बाहेर आले. "बघा. गेला की नाही?"

आये हसली नाही. सूप तिच्या मांडीवरून खाली घसरलं होतं, सुकट सगळी मातीत.

"शिवलो," ती म्हणाली. "डोक्याक शिवलो तुझ्या."

डोक्याला कावळा शिवला की त्या माणसाचं मरण जवळ आलं, असं मानतात. त्यावर उताराही आहे. ते माणूस मेलं अशी खोटी बातमी त्याच्या जवळच्या माणसांना पाठवायची. ती माणसं खरोखर रडली की आलेलं मरण त्या रडण्यावर भागतं आणि परत जातं. नंतर खरं काय ते कळवायचं. हे सगळं मी ऐकून होते, पण ऐकीव गोष्ट म्हणून. माझा नवरा विश्राम कामावरून आला तोवर आयेनं तारेचा मजकूरसुद्धा ठरवला होता.

विश्राम बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होता. त्यानं आधी माझ्या भांगातला ओरखडा पाहिला, त्याला टिंक्चर लावलं आणि मग आईचं ऐकून घेतलं.

"मुंबैक अक्काक तार कर," तो तिला म्हणाला. "ती रडतली. ती खंयच्याय गोष्टीर रडता."

"अक्का हिची कोण? नणंद. नणंदेच्या रडण्याक मरण फसता काय? रगताचा माणूस व्हया. हिच्या म्हयेराक धाड."

विश्रामनं माझ्याकडे पाहिलं.

आम्ही दोघं कोल्हापुरात शिकत असताना भेटलो होतो. जात वेगळी. रजिस्टर लग्न झालं त्या दिवशी तासगावला माझ्या वडिलांनी, अण्णांनी, विहिरीवर जाऊन माझ्या नावानं आंघोळ केली. घरातल्या सगळ्यांना करायला लावली. त्याला चार वर्षं होऊन गेली होती. त्या चार वर्षांत तिकडून एक शब्द आला नव्हता. मी पाठवलेलं काही पोचत होतं की नव्हतं, तेही कळायला मार्ग नव्हता.

"आये, तिथे कोणी रडणार नाही," मी म्हटलं. "त्यांनी माझ्या नावची आंघोळ कधीच उरकली आहे."

"न्हाणा वेगळा, रडणा वेगळा," आये म्हणाली. "तुझी आवस आसा मां जिती?"

"आहे."

"मगे झाला."

"एका घाबरलेल्या पक्ष्यापायी मी माझ्या आईला असली तार पाठवू?"

"एकच रात्र. उद्या दोपारी दुसरी तार. तुका काय, तू शिकलेली. मी म्हातारी, माका झोप लागाची नाय." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "माझ्या धाकट्याक असोच शिवलेलो. तेव्हा आमी कोणाक कळवूक नाय."

विश्रामचा धाकटा भाऊ तापानं गेला हे मला माहीत होतं. कावळ्याचं माहीत नव्हतं. विश्राम जमिनीकडे बघत होता.

मी नाही म्हणू शकले असते. आये रुसली असती, दोन दिवस बोलली नसती, संपलं असतं. पण माझ्या मनात निराळंच सुरू झालं होतं. त्या घरात माझ्यासाठी कुणाच्या डोळ्यांत अजून पाणी आहे का, हे मला चार वर्षं माहीत नव्हतं. ते कळण्याचा दुसरा काही उपाय नव्हता.

"करा," मी म्हटलं.

विश्राम सायकल काढून तार ऑफिसात गेला. 'कुमुद एक्स्पायर्ड. विश्राम.' येताना त्याचा चेहरा उतरला होता. "दोनदा लिहून खोडलं गं," तो म्हणाला. "बाबू मयेकर तार वाचून काउंटरमागनं उठून आला, मला मिठी मारायला. त्याला खरं सांगता सांगता पुरेवाट झाली."

"मगे तो हसलो?" आयेनं विचारलं.

"हसला."

"हसाक नको होतो."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाजारातून सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणलेली होती, मी आत ती सोलत बसले होते. विश्राम जेवणाआधी दुसरी तार करून येतो म्हणून शर्ट शोधत होता. तेवढ्यात पुढच्या अंगणातून आवाज आला.

"बाई, हेच का विश्राम पेडणेकरांचं घर?"

मी तो आवाज ओळखला आणि हातातलं सुंगट हातातच राहिलं.

"होय," आये म्हणाली. "तुमी खंयसून इल्यात?"

"तासगावाहून." मग जरा थांबून, "नेलं का हो तिला?"

मी हात न धुता बाहेर गेले.

आई अंगणाच्या दगडी गडग्याजवळ उभी होती. बरोबर कोणी नव्हतं. माझ्या आईनं सांगलीच्या पलीकडे एकटीनं प्रवास केलेला मी कधी पाहिला नव्हता. रात्रीच्या एस्टीनं घाट उतरून, गाड्या बदलत, कंडक्टरला विचारत विचारत ती आली होती. पातळ चुरगळलेलं, कपाळावरचं कुंकू पुसट, डोळे सुजून बारीक झालेले. हातात एक कापडी पिशवी.

तिनं मला पाहिलं. ओरडली नाही, पुढे आली नाही. होती तिथेच खाली बसली, अंगणातल्या सारवणावर, पिशवी पोटाशी धरून.

आये तिच्याजवळ गेली आणि उकिडवी बसली. "रडलास?" तिनं विचारलं. "बाये, खरा सांग, रडलास मां?"

"रात्रभर," आई म्हणाली. "रडत रडतच आले."

आयेनं दोन्ही हात जोडून आभाळाकडे नेले. "सुटला," ती म्हणाली. "माझी सून सुटली."

मग आयेनंच तिला सगळं सांगितलं. कावळा, पोतं, डोकं, तार. आई ऐकत होती. तिनं रागवावं, मला एक थोबाडीत मारावी, असं मला वाटत होतं. ती माझ्या हातांकडे बघत होती. हातांना सुंगटांचा वास होता. मी ते मागे घेतले. तिनं एक हात ओढून आपल्या गालाला लावला आणि तसाच धरून ठेवला.

आम्ही तिला आत घेतलं. विश्राम तिच्या पाया पडला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आयेनं चहा केला. "दोन घास खावन घेवा," ती म्हणाली, "सुंगटा नको तर भाकरी नि दही देतंय."

"नको, सुतक आहे ना," आई म्हणाली. म्हणून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं. तिला हसू आलं, मलाही आलं. चार वर्षांनी आम्ही दोघी एकत्र हसलो ते एवढंच.

पिशवी तिनं स्वतःच उघडली. आत हिरवी साडी होती, हिरव्या बांगड्यांचा जोड, हळदकुंकवाच्या पुड्या, नारळ, तांदूळ. सवाष्ण गेली की शेवटची साडी माहेरची नेसवतात. लग्नात मला माहेरची साडी मिळाली नव्हती.

"अण्णांनी जाऊ दिलं?" मी विचारलं.

"त्यांनीच पाठवलं. ही साडी त्यांनी स्वतः दुकानात जाऊन आणली. दुकान बंद झालं होतं, उघडायला लावलं." ती साडीच्या काठावरून बोटं फिरवत होती. "तार दोनदा वाचली. मग चष्मा काढला आणि देवाच्या खोलीत जाऊन बसले. मी गेले तर म्हणाले, कुमुदला नववीत गणिताचं बक्षीस मिळालं तेव्हा मी तिला शाबास म्हटलं नव्हतं. मग रडले. मोठ्यांदा. मी त्यांना कधी तसं पाहिलं नव्हतं."

मी साडीचा दुसरा काठ हातात घेतला.

"तुझं नाव घेतलं त्यांनी," आई म्हणाली. "चार वर्षांत घरात तुझं नाव निघालं नव्हतं. धाकट्या वत्सूनं एकदा चुकून घेतलं तर ताटावरून उठले."

विश्राम बाहेरच्या खोलीतून आला. तो खुशीत होता. त्याचा स्वभावच तसा, माणसं जवळ आली की बाकीचं आपोआप होतं असं त्याला वाटायचं. "मी लगेच तार करून येतो," तो म्हणाला. "अण्णांना तोवर उगाच त्रास. कदाचित तेही येतील."

"नको," आई म्हणाली.

"नको म्हणजे?"

"ती तार करू नका." तिनं साडी पिशवीत परत ठेवली. "इथे जे करायचं ते झालं, मी शेवटचं बघून आले, असं मी घरी सांगेन."

आये चुलीजवळून उठली.

"आई, काय बोलतेस?" मी म्हटलं.

"नीट ऐक. तू जिवंत आहेस म्हटलं की ते काल रडलेत त्याची त्यांना लाज वाटेल. फसवलं म्हणतील. आधी होते त्याहून कडक होतील. मला ठाऊक आहेत ते. काल रात्रीपासून तू त्यांची मुलगी झालीस परत. मला तुझं नाव घेता येईल. तुझं लहानपणचं बोलता येईल. घरात बसून उघड रडता येईल. चार वर्षं मी मोरीत नळ सोडून रडत आलेय."

"मी इथे बसलेली असताना?"

तिनं चहाचा कप बाजूला ठेवला. मग म्हणाली, "वत्सूला तीन ठिकाणी बघून गेले. बघतात, पसंत करतात, मग कुठूनतरी त्यांना तुझं कळतं. कोकणात कुणाबरोबर गेली ती हिचीच बहीण का, म्हणून विचारतात. आता कोणी विचारलं तर थोरली वारली एवढं सांगता येईल. वारलेल्या माणसाबद्दल पुढे कोणी विचारत नाही."

तर हे होतं. ती हे एस्टीत ठरवून आली नव्हती. एस्टीत ती रडतच होती. हे तिला अंगणातून चुलीपर्यंत येता येता सुचलं होतं, चहा पिता पिता.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू आहेस की इथे. तुझं सगळं नीट आहे. नवरा चांगला आहे, सासू इतकी जीव लावणारी." तिनं आयेकडे पाहिलं. "माझं एवढं ऐका."

"ह्या मी आयकूचंय नाय," आये म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "खोटी बातमी खोटी म्हणान सांगूक लागता. नाय तर ती तशीच रवता नि खरी होता. तुमी तिका मारून जातास. आपल्या हातान."

"आई म्हणून मी तिचं वाईट कसं करीन?"

"ता माका ठावक नाय. दुसरी तार जावकच व्हयी. विश्राम, जा."

विश्राम उभाच राहिला. "कुमुद," तो म्हणाला, "तू सांग."

आई माझ्याकडे बघत होती. तिनं हात जोडले नाहीत, डोळ्यांत पाणी आणलं नाही. प्रवासानं आणि रडण्यानं तिचा चेहरा नुसता थकून गेला होता, आणि त्या थकव्यात कुठेतरी तिला विसावा दिसू लागला होता. मी नाही म्हटलं असतं तर तो विसावा मी तिच्या हातातून काढून घेतला असता.

"आये," मी म्हटलं, "एक तार केली नाही म्हणून कुणी मरत नाही. मी धडधाकट आहे. उद्या कॉलेजला जाणार आहे."

"तुका कळणा नाय," आये म्हणाली.

"नको करू तार," मी विश्रामला सांगितलं.

आई संध्याकाळच्या गाडीनं गेली. साडी परत नेता येत नव्हती, ती नेसवली असं तिला घरी सांगायचं होतं. म्हणून तिनं निघताना माझी ओटी भरली. हिरवी साडी, नारळ, तांदूळ, बांगड्या. आयेनं ते होऊ दिलं, पण आई वळणापलीकडे गेल्याबरोबर ओटीतलं सगळं माझ्या पदरातून काढून घेतलं आणि खाडीत सोडून आली. तिथून ती तशीच सातेरीच्या देवळात गेली. गावात देवीपुढे मोठ्यानं गाऱ्हाणं घालायची रीत आहे. विश्राम तिला शोधत गेला तेव्हा ती गाभाऱ्यापुढे उभी राहून एकच सांगत होती, माझी सून जिती आसा, तू ध्यानात ठेव.

त्या वर्षी वत्सलाचं लग्न झालं. हे मला फार उशिरा कळलं. मधली वर्षं तासगावाहून काहीच आलं नाही, आणि येणारही नव्हतं. मी तिकडे काही पाठवणं आता शक्य नव्हतं. आये गेली, आमचा मुलगा मोठा झाला, मी विभागप्रमुख झाले.

मग एका भाद्रपदात कॉलेजच्या ऑफिसात मला फोन आला. आई होती. कुठल्यातरी दुकानातून बोलत होती, मागे तराजूचा आवाज येत होता.

"अविधवा नवमीला येशील?" ती म्हणाली.

पितृपंधरवड्यातली ही नवमी, नवरा मागे असताना गेलेल्या बायकांची. त्यांच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालतात, तिची ओटी भरतात. खरं तर ती सासरच्यांनी करायची.

"अण्णा दरवर्षी करतात तुझी," आई म्हणाली. "तुझ्या सासरी करत नसतील, निदान आपण करू, म्हणतात. यंदा सवाष्ण मिळाली नाही. त्यांना काचबिंदूनं काही दिसत नाही आता. मी सांगेन सांगलीच्या एक बाई आहेत म्हणून. फक्त बोलू नकोस."

मी गेले. माझ्याच घरात मला पाट दिला, पाटाभोवती रांगोळी होती. अण्णा भिंतीला टेकून बसले होते, फार लहान झालेले. आईनं मला कुंकू लावलं, ताट वाढलं आणि पुन्हा वाढायला म्हणून आत निघून गेली.

"आलात, फार बरं केलंत," अण्णा म्हणाले. ते मी होते त्याच्या जरा डावीकडे बघत होते. "सावकाश जेवा, बाई. थोरल्या मुलीच्या नावचं आहे. खीर घ्या. आमच्या कुमुदला खीर फार आवडायची."

खीर वत्सलाला आवडायची. मी वाटी जवळ ओढली.

"गुणाची पोर," ते म्हणाले. "माझ्या शब्दाबाहेर कधी गेली नाही."

ते उत्तराची वाट बघत होते. त्यांची मान किंचित पुढे आली होती. आतून काही वाढण्याचा आवाज येत नव्हता.

मी खीर संपवली. आवाजावरून त्यांना ते कळलं असावं. ते समाधानानं मागे टेकले आणि आत तोंड करून म्हणाले, "अगं, बाईंना आणखी वाढ."